उतारे सरांचे चार पाट

उतारे सरांसमोर हातात पेन धरून वाचायला बसायची कुणाची छाती नव्हती. ते मागून यायचे, काही न बोलता आपल्या बोटांतून पेन काढून घ्यायचे आणि स्वतःच्या खिशाला लावायचे. संध्याकाळपर्यंत त्यांच्या शर्टाला सात-आठ पेनं लटकलेली असायची. नवखा माणूस त्यांना पेनं विकणारा समजला तर त्यात त्याची चूक नव्हती. पेन परत मागायला गेलं की म्हणायचे, "आधी काय वाचलं ते सांग, मंग ने." बहुतेकांची पेनं त्यांच्याकडेच राहायची.

अंबडच्या बसस्थानकासमोर, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानाच्या वर आमची अभ्यासिका होती. प्लायवुडचे आडोसे घालून तीसेक पोरांची सोय केलेली, खालून औषधांचा उग्र वास आणि समोरून एसटीच्या भोंग्याचा आवाज. सर तिथले मास्तर नव्हते, त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. तेही आमच्यासारखेच परीक्षा देणारे, फक्त आमच्याहून दहा-बारा वर्षांनी जुने, म्हणून मालकानं अभ्यासिकेच्या किल्ल्या त्यांच्याकडे सोपवलेल्या. पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात पान-पानभर उतारे यायचे आणि खाली प्रश्न. आता तो पेपर नुसता पास करावा लागतो. तेव्हा त्याचे गुण धरले जायचे आणि खेड्यातली पोरं तिथंच गळायची. सरांचा त्यात हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून ते उतारे सर. त्यांचं खरं आडनाव मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं.

त्यांच्याकडून शिकलेले आम्ही तिघं-चौघं आज सरकारी खुर्च्यांवर बसलोय. सर बसलेले नाहीत. त्यांच्या नशिबाला बोल लावणारे पुष्कळ आहेत, आणि मीही चारचौघांत तेच म्हणत आलोय. पण त्यांच्या शेवटच्या परीक्षेला त्यांच्या शेजारी मी होतो, आणि नशीब वगैरे काही नव्हतं.

मी अभ्यासिकेत गेलो तेव्हा स्वतःला मोठा वाचणारा समजत होतो. शाळेत धडा मोठ्यानं वाचायला गुरुजी मलाच उठवायचे. पहिल्याच आठवड्यात मी एक उतारा पिवळ्या रंगानं रेघोट्या मारत वाचत होतो. सरांनी पेन काढून घेतलं.

"काय करून राह्यला? होळी हाय का आज?"

"महत्त्वाचं अधोरेखित करतोय, सर."

"सारंच महत्त्वाचं हाय का? सारंच पिवळं दिसून राह्यलं." त्यांनी कागद उलटा केला. "बोल. काय म्हणतोय लिहिणारा?"

एक-दोन शब्द आठवत होते, 'शाश्वत' आणि 'धोरणकर्ते'. त्यांचं एकमेकांशी काय नातं होतं ते काही केल्या सुचेना. मी कागदाकडे हात नेला तर त्यांनी तो वर उचलला. "कागदावरचं कागदाला ठाऊक हाय. तुला काय ठाऊक हाय ते सांग." आजूबाजूची पोरं हसली. मला असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि त्या दोन दिवसांत प्रत्येक उतारा वाचून चोरून कागद उलटा करून पाहिला. एकही सांगता आला नाही.

तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेलो. तेव्हा त्यांनी मला चार पाटांची गोष्ट सांगितली. ती ते सगळ्यांनाच सांगायचे, पण दर वेळी आत्ताच सुचल्यासारखी.

"डोक्यात पाट चारच असतेत. तुझ्या बी, माझ्या बी, कलेक्टरच्या बी. जास्तीचे कुणाला मिळत न्हाईत. पाचवा पाव्हणा आला की पहिला उठतो, जेवला असो का नसो. तू वाक्यावर वाक्य घेतोस, सारे उपाशीच उठतेत. मंग शेवटी पंगतीत कोण उरलं? शेवटचे चार शब्द."

"मग करायचं काय?"

"पहिल्याला जेवू घाल. वाक्य संपलं की थांब, त्याचा अर्थ लाव, त्याला जेवून मोकळं कर. मंग दुसऱ्याला बसव. आन् एक ध्यानात ठेव, अवघड शब्द आला की त्यो बी एक पाट अडवतो. घड्याळाकडं बघितलं की एक पाट गेला. शेजारच्याचं पान पलटलं, आपलं न्हाई पलटलं, गेला एक पाट. समदे पाट असलेच लोक धरून बसले तर अर्थानं बसावं कुठं?"

आज कुणी शहाणा माणूस हेच मोठ्या शब्दांत सांगतो तेव्हा मला हसू येतं. सरांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं पोरांना वाचताना बघून त्यांनी ते ओळखलं होतं.

सरांचं गाव शहागडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. आजोबा मेंढरं राखायचे, वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली. या आजोबांचा दाखला सर नेहमी द्यायचे. "आमच्या आज्याला मोजता येत नव्हतं. पण वाड्यातलं एक मेंढरू कमी झालं की नुसत्या नजरेनं सांगायचा. कसं? एकेक मेंढरू ध्यानात ठेवलं तर येडं व्हईल माणूस. त्यो घराण्यानं ओळखायचा. ही काळ्या तोंडीची पोरं, ही लंगडीची नातवंडं. पाच-सहा घराणी ध्यानात ठेवली की झालं. उताऱ्यातली वाक्यं बी तशीच असतेत. कोण कुणाचं ते बघ." असं म्हणून ते बारा ओळींचा परिच्छेद घेत आणि त्याची तीन घराणी करून दाखवत. कारणं सांगणारी वाक्यं एका कुळातली, उदाहरणं दुसऱ्या कुळातली, आणि एखादं 'परंतु'नं सुरू होणारं, घर सोडून पळालेलं. खरा प्रश्न बहुतेक त्या पळालेल्यावरच असायचा.

ते काही संतमहात्मे नव्हते, हेही सांगायला हवं. तोंड फटकळ होतं. पुण्याला क्लास करून आलेला एक पोरगा मिनिटाला किती शब्द वाचतो ते सांगत होता, तर सर म्हणाले, "जल्दी वाचायचं बक्षीस असतं तर एसटीच्या कंडक्टरला कलेक्टर केला असता." तो पोरगा महिन्याभरात अभ्यासिका सोडून गेला. सरांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. उताऱ्यांचं मराठी वाचून तर ते अक्षरशः शिव्या द्यायचे. मूळ इंग्रजीवरून ओढूनताणून आणलेली ती वाक्यं, कर्ता वरच्या ओळीत, क्रियापद पाचव्या ओळीत. "मेंढरं शहागडला आन् मेंढपाळ अजून अंबडातच," ते म्हणायचे. "तवर वाटेत लांडगा खाऊन जाईल."

आपली चूक मात्र मोकळेपणानं कबूल करायचे. एकदा त्यांच्या मनात आलं की पाटांची संख्याच वाढवावी. खिडकीतून बसस्थानकावरची घोषणा ऐकू यायची, अमुक गाडी तमुक मार्गे तमुक ठिकाणी जाणार. घोषणा झाली की आम्ही वाटेतली सगळी गावं उलट्या क्रमानं म्हणायची, असा नेम त्यांनी लावला. दोन महिने ते वेड चाललं. बीडपासून जालन्यापर्यंतची गावं आम्ही शेवटाकडून घडाघडा म्हणायला लागलो. मग सरांनी उताऱ्यांची चाचणी घेतली तर गुण जिथल्या तिथं. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "माझं चुकलं. गावं उलटी म्हणायची सवय लागली, तर गावंच उलटी म्हणता येतेत. पाट काही वाढत न्हाईत. ते बंद आजपासून." इतका साधा कबुलीजबाब मी त्याआधी कुठल्या मास्तराच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्यांची सगळ्यात अवघड सक्ती म्हणजे आईला फोन. रोज संध्याकाळी एक उतारा घरी आईला सांगायचा, तिच्या बोलीत, एकही पुस्तकी शब्द न वापरता. तिला कळला तर तुम्हाला कळला. पोरं लाजायची. गच्चीवर एकेक कोपरा धरून तीसेक जण आपापल्या आयांना चलनवाढ, जमिनीतला क्षार आणि लोकशाहीचे प्रकार समजावून सांगतायत, असं ते दृश्य असायचं. काहींच्या आया विचारायच्या, "तुझी तब्येत बरी हाय ना बाबा?"

मला आई नव्हती. मी बारावीत असतानाच ती गेली. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग माझ्या आईला सांग. तिला रोज एकच उतारा मिळतो माझ्याकडून. दोन झाले तर बरंच वाटंल." त्यांनी त्यांच्याच फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

सरांच्या आईला मी मावशी म्हणायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ऐकलेलं त्या सोडायच्या नाहीत. मी पहिल्या दिवशी व्याजदरावरचा उतारा सांगितला. बँकेनं व्याज वाढवलं की लोक कर्ज कमी काढतात, बाजारात पैसा कमी होतो आणि भाव उतरतात.

"थांब लेका," त्या म्हणाल्या. "लोकांनी कर्ज न्हाई काढलं तर त्यांचा खर्चा कमी व्हईल, हे बराबर. पर ज्यो दुकानदार कर्ज काढूनच माल भरतो, त्यो वाढीव व्याज गिऱ्हाइकाकडूनच काढंल ना? मंग भाव उतरला कसा?"

दुसऱ्या दिवशी उताऱ्याखालचे प्रश्न काढून बघितले तर चौथा प्रश्न नेमका तोच होता. मी सरांना सांगितलं तर ते कधी नव्हे इतके खूश झाले. "माझी आई परीक्षेला बसली असती ना, तर मला किल्ल्या सांभाळाव्या लागल्या नसत्या." दोन वर्षं मी त्या बाईला जवळजवळ रोज उतारा सांगितला. सणाला त्या माझ्यासाठी धपाटे पाठवायच्या, सरांच्या डब्यात वेगळी पुडी बांधून. मी हे मुद्दाम लिहितोय. माझं जेवणखाण कुणाच्या घरचं होतं ते माहीत असावं.

सरांचं ते शेवटचं वर्ष. वयाची अट संपत होती. तीनदा ते पूर्वपरीक्षा पास झाले होते, एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आले होते. पहिल्या पेपरात, पाठांतराच्या, ते मागे पडायचे आणि उताऱ्यांवर भरून काढायचे. त्यांचं सगळं गणित त्या दुसऱ्या पेपरावर होतं. या वेळी गेलं की कायमचं गेलं, हे अभ्यासिकेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. परीक्षेच्या आधी आठ दिवस त्यांनी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. घरी सांगितलं, अगदीच काही झालं तर या पोराच्या फोनवर करा. आणि मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, पेपर संपेपर्यंत मला कोणाची काहीच खबर द्यायची न्हाई. लग्नाची न्हाई, मरणाची न्हाई. घर जळालं तरी न्हाई. उताऱ्याला चारी पाट मोकळे लागतेत. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

परीक्षेला आम्ही दोघं जालन्याला गेलो, सकाळच्या पहिल्या गाडीनं. केंद्रही एकच मिळालं होतं. पहिला पेपर झाला. सर बाहेर आले ते चक्क हसत, पाठांतराचा पेपरही बरा गेला होता. शाळेच्या मागच्या बाजूला लिंबाखाली आम्ही डबा सोडला. पाण्याची बाटली आणायला मी फाटकाबाहेरच्या पानटपरीवर गेलो, तिथंच आमच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. सहज फोन सुरू केला. सरांच्या बहिणीचे पाच मिसकॉल होते.

मी फोन लावला. मावशी शेतात चक्कर येऊन पडल्या होत्या. शुद्धीवर येईनात म्हणून गाडी करून अंबडच्या दवाखान्यात नेलं होतं. बहीण रडत होती, पण बोलत होती अगदी नीट. "दादाला आत्ता सांगू नका. पेपर झाल्यावर सांगा अन् लगेच घेऊन या. आई शुद्धीवर असती तर तिनं बी हेच सांगितलं असतं. तुमच्यापाशीच ठेवा."

तुमच्यापाशीच ठेवा. मला एवढंच काम होतं. दुसऱ्या पेपरला अजून तास-दीड तास होता.

मी बाटली घेऊन परत आलो, बसलो, भाकरीचा तुकडा मोडला. सर कुठल्याशा प्रश्नाविषयी बोलत होते. मला त्यांचा एक शब्द ऐकू येत नव्हता. मावशी पडलेल्या दिसत होत्या. मग लक्षात आलं की हे डोक्यात घेऊन मला पेपरला बसायचंय. मीही परीक्षेलाच आलो होतो. उतारा वाचायला घेतला तर पहिल्याच ओळीला मावशी दिसणार, हे मला स्वच्छ कळत होतं. सरांनीच शिकवलेलं होतं ना! मी दहा मिनिटं दम धरला असेल. फार तर पंधरा.

"सर," मी म्हणालो, "आईंना दवाखान्यात नेलंय."

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी मला एक शब्दही बोल लावला नाही. "तायडीचा फोन आल्ता का?" एवढं विचारलं. मी हो म्हणालो. ती न सांगायचं म्हणाली होती, हे मी सांगितलं नाही. मग फाटकाबाहेर जाऊन त्यांनी माझ्या फोनवरून बहिणीला फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. घंटा होईपर्यंत ते लावतच होते. अंबडची गाडी धरावी का, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. मग ते वळले आणि आत गेले.

माझा पेपर फार चांगला गेला. आयुष्यात इतका मोकळ्या डोक्यानं मी कधी वाचलेलं नाही. वाक्य यायचं, बसायचं, जेवून उठायचं. सांगून टाकल्यावर माझ्या मनावरचा भार पार उतरला होता. हा शब्द आपण किती सहज वापरतो, भार उतरला. तो उतरून कुठं जातो ते कुणी विचारत नाही.

माझ्यापुढं दोन बाकं सोडून सर बसले होते. त्यांची पाठ दिसत होती. तासाभरानंतरही त्यांच्या प्रश्नपत्रिकेचं पहिलंच पान वर होतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पहिला उतारा अकरा डाव वाचला. नदीवर होता. नदीच्या पुढं जाताच आलं न्हाई." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्याला काय होतंय आणि ते का होतंय, हे त्यांना पेपर चालू असतानाच पुरतं कळत होतं. तालुक्यात हे कळणारा तो एकच माणूस होता, आणि त्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आम्ही अंबडला पोचलो तेव्हा मावशी दवाखान्याच्या खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवून खात होत्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, ऊन लागलं, साखर उतरली होती. दुसरं काही नाही. सरांना बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "काय आल्तं रं उताऱ्यात?"

सर म्हणाले, "ध्यानात न्हाई, आई."

निकाल लागला, मी पास झालो, सर झाले नाहीत. पुढच्या वर्षी माझी मुलाखत झाली आणि मला पद मिळालं. अंबडच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. सत्काराच्या भाषणात मी सरांचं नाव घेतलं, 'माझे मार्गदर्शक' असं. टाळ्या पडल्या. सर आले नव्हते. त्याच्या आधीच त्यांनी किल्ल्या मालकाला दिल्या होत्या आणि खिशाला लावलेली सगळी पेनं ज्याची त्याला परत केली होती. मावशींचा फोन आला. "साहेब झालास, लई आनंद झाला. आता उतारा कोण सांगंल मला?" मी म्हणालो, मीच सांगेन की. त्यानंतर एकदाही फोन केला नाही. तुम्हीच सांगा, काय तोंडानं करणार होतो?

मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय की सर माझे प्रतिस्पर्धी होते म्हणून मी सांगितलं का? नाही. तसं असतं तर निदान मला स्वतःला ठक म्हणता आलं असतं. मी सांगितलं ते माझ्याच्यानं राहवेना म्हणून. मला बरं वाटावं म्हणून. हे त्याहून वाईट आहे की बरं, याचा हिशेब मला आठ वर्षांत जमलेला नाही.

यंदा उन्हाळ्यात बीडहून परत येताना शहागडला गाडी थांबवली. सर तिथं हायवेच्या कडेला, मेहुण्याच्या, त्याच बहिणीच्या नवऱ्याच्या, दुकानात बसतात हे ऐकून होतो. ट्रकचे फिल्टर, पट्टे, ऑइलचे डबे. दुकानाच्या मागंच घर, मध्ये पडदा. सर काउंटरवर होते, केस सगळे पांढरे झालेले. समोर पेपर, पुस्तक, काहीच नव्हतं. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुढं केलं आणि चहा सांगितला. "बदली कुठं हाय सध्या?" वगैरे विचारलं. 'तुम्ही' म्हणत होते मला. दोन ट्रकवाले येऊन गेले. त्यांना माल देताना त्यांनी यादी मागितली नाही, सात-आठ वस्तू एका दमात ऐकून बरोबर काढून दिल्या.

चहा झाला आणि मी बोललो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं सांगून टाकावं असं मला वाटलं. "सर, त्या दिवशी तुमच्या बहिणीनं मला सांगू नका म्हणून बजावलं होतं. पेपर होईपर्यंत तुमच्यापाशीच ठेवा म्हणाली होती. मीच सांगितलं. मला ते डोक्यात घेऊन पेपर लिहिता येईना, म्हणून."

सर बराच वेळ ऑइलच्या डब्यावरची धूळ पुसत राहिले.

"तायडीनं दम धरायचा व्हता, असं मी आठ वर्षं मनात धरून हाय," ते म्हणाले. "तिला कधी बोललो न्हाई. पर तिच्या हातचं जेवताना बी मनात तेच. अन् ती बापडी..." ते थांबले. मग माझ्याकडे बघितलं आणि 'तुम्ही' सोडून दिलं. "तवा तुझ्याच्यानं राहवलं न्हाई म्हणून सांगितलं. आता बी राहवलं न्हाई म्हणूनच सांगून राह्यला. तू मोकळा झाला, जा. मी आता हे कुठं ठेवू?"

मी उठलो. मावशींना भेटू का, असं विचारायचं मनात होतं, पण सर पडद्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे होते. मी दुकानाची पायरी उतरलो तेवढ्यात पडद्यामागून तोच आवाज आला, थोडा थकलेला, पण तोच.

"कोण आल्तं रं? आवाज वळखीचा वाटला."

"कोणी न्हाई, आई," सर म्हणाले. "गिऱ्हाईक व्हतं."